ऊन लागलं असन!

मे-जूनच्या दिवसांत अकोल्याच्या जठारपेठेतल्या कोणत्याही मेडिकलसमोर थोडा वेळ उभं राहिलं, तर एक संवाद हमखास कानावर पडतो. गोव्याहून, महाबळेश्वरहून, नाहीतर नुसतं चिखलदऱ्याहून परत आलेला कुणीतरी बाही वर सरकवतो, हात काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "भाऊ, लय खाज सुटली, काईतरी द्या." मागे उभा असलेला न विचारता निदान करून टाकतो, "ऊन लागलं असन." त्याच्याही मागचा म्हणतो, "पानी बदललं ना, त्याच्यानं होते." तेवढ्यात पलीकडून एक ट्यूब पुढे आलेली असते.

यांतलं कुणीही अगदीच खोटं बोलत नसतं. उन्हानं खाज सुटते, पाण्याचाही थोडाफार संबंध असतो आणि ट्यूबनं दोन दिवस बरंही वाटतं. अडचण इतकीच की सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: कुठे फिरायला गेला होता? त्वचेचा डॉक्टर हा प्रश्न जरा उशिरा विचारतो. त्याआधी त्याला हवं असतं ते हे, की पुरळ केव्हा उठलं, अंगावर नेमकं कुठे उठलं आणि कुठे उठलं नाही. यातला शेवटचा प्रश्न आपल्याला सुचतच नाही, कारण खाजणारी जागा आपण दहादा बघतो आणि न खाजणाऱ्या जागेकडे ढुंकूनही पाहत नाही. पुढचे बहुतेक गैरसमज या एकाच गफलतीतून जन्मलेले आहेत.

"आमी अकोल्याचे, आमाले गोव्याचं ऊन काय करते?"

हा अभिमान बिनबुडाचा नाही. मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात उष्णतेपायी अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावण्याची वेळ प्रशासनावर आली होती. पारा पंचेचाळीसच्या पुढे होता. पण पारा हवेची उष्णता मोजतो. कातडी काळवंडते आणि तिच्यावर पुरळ उठतं ते सूर्याच्या अतिनील किरणांनी, आणि हे किरण अंगाला गरम लागत नाहीत. समुद्रावरच्या वाऱ्यात घाम वाळत राहतो, म्हणून ऊन 'लागत नाही' असं वाटतं. किरण आपलं काम करतच असतात.

शिवाय अकोलेकर उन्हात असतो तरी कुठे? मे महिन्यात दुपारी बारा ते चार जठारपेठ चौकातही शुकशुकाट असतो. माणसं कूलरसमोर असतात. बाहेर पडावंच लागलं तर डोक्याला दुपट्टा, मुलींच्या तोंडाला डोळ्यांपुरता उघडा स्कार्फ, हातात कोपरापर्यंतचे मोजे. म्हणजे आपल्या दंडांची, गळ्याची आणि पिंढऱ्यांची कातडी वर्षानुवर्षं उन्हाला जवळजवळ अनोळखी असते. तीच कातडी कलंगुटच्या वाळूत अर्ध्या चड्डीवर आणि बिनबाह्यांच्या टी-शर्टात एकदम चार तास उघडी पडते.

मग काही जणांना काही तासांत, काहींना एक-दोन दिवसांनी, गळ्याच्या उघड्या त्रिकोणावर, मानेच्या मागे आणि हाताच्या बाहेरच्या बाजूला बारीक बारीक, खूप खाजणारे दाणे येतात. डॉक्टर याला पॉलिमॉर्फिक लाइट इरप्शन म्हणतात. उन्हाला त्वचेच्या प्रतिकारशक्तीनं दिलेलं हे चुकीचं उत्तर आहे. ते बायकांत आणि तरुण वयात जास्त दिसतं. गंमत अशी की चेहरा बरेचदा सुटतो, कारण त्याला रोज थोडं थोडं ऊन मिळून सवय झालेली असते. ऊन टाळलं तर आठवडा-दहा दिवसांत दाणे मावळतात आणि पुढच्या वर्षी पहिल्याच कडक उन्हात पुन्हा हजर होतात. आपल्या रंगाच्या कातडीवर ते लालभडक नसतातच. बारीक, चकाकणारे, कातडीच्याच रंगाचे किंवा जरा फिकट असतात. मोबाईलवर गोऱ्या लोकांच्या लाल पुरळाचे फोटो पाहून "आपलं हे नाही" म्हणणारे इथेच फसतात.

ऊन भाजणं वेगळं. त्यात आधी आग होते, खाज नंतर. तीन ते सहा तासांत सुरुवात, साधारण दिवसभरात कळस, तीन-चार दिवसांनी सालपटं. भाजलेल्या जागेची कड कपड्याच्या कडेइतकी सरळ असते. सावळ्या माणसाला ऊन भाजत नाही, हाही समजच. लाली दिसत नाही एवढंच. हात लावला की जागा गरम आणि दुखरी लागते. काही जणांना भाजल्यावर एक-दोन दिवसांनी अशी आतून खाज सुटते की झोप लागत नाही. ती ॲलर्जी नसते, भाजण्याचाच पुढचा अंक असतो.

"गाडीत होतो, काच बंद होती. वर ढग होते."

साध्या काचेतून उन्हातले भाजणारे किरण बहुतेक अडतात. पण पुरळाला आणि टॅनला जबाबदार असणारे लांब पल्ल्याचे अतिनील किरण बाजूच्या काचेतून बऱ्यापैकी आत येतात. समोरची काच दोन थरांची असते, ती ते पुष्कळ अडवते. म्हणून नेहमी गाडी चालवणाऱ्याचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा असतो. पुरळ फक्त उजव्या हातावर असेल तर समुद्राला दोष देण्याआधी खिडकी आठवावी.

ढगांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण पार होतात, आणि दर हजार मीटर उंचीला ते साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. चिखलदरा हजार मीटरच्या वर आहे. तिथे थंड वाटतं म्हणून आपण टोपी हॉटेलात ठेवून देवी पॉइंटला जातो.

"गोळीचा आनि उन्हाचा काय संबंध?"

पुष्कळ. मुरुमांसाठी किंवा लेप्टोच्या भीतीनं घेतलेली डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबाच्या काही गोळ्यांतलं हायड्रोक्लोरोथायझाइड, नायट्यासाठीची ग्रिसिओफल्विन, काही वेदनाशामक गोळ्या: यांपैकी एखादी पोटात असली की नेहमी सोसणारं ऊनही कातडीला सोसत नाही. बीपीची गोळी तीच, माणूस तोच, फक्त या वेळी तो दोन दिवस समुद्रावर होता. अशा वेळी गोळी आपल्या मनानं बंद करायची नसते. ती कोणती हे डॉक्टरला दाखवायचं असतं, एवढंच.

"टॅन म्हणजे बसलेला मळ. लिंबू-बेसन घासलं की निघते."

या समजानं उन्हापेक्षा जास्त कातड्या खराब केल्या असतील असं माझं मत आहे. टॅन वर बसलेला नसतो. उन्हाचा मारा ओळखून त्वचेच्या जिवंत पेशींनी तयार केलेलं रंगद्रव्य तिथे असतं. ते पेशींबरोबर हळूहळू वर येतं आणि झडून जातं. वरचा थर पूर्ण बदलायला महिना-सव्वा महिना लागतो. त्याआधी बेसन, साखर, नारळाची शेंडी, प्युमिस दगड यांनी घासून निघतं ते टॅन नव्हे, कातडीचं संरक्षण. मग खाज, मग पुरळ, आणि सावळ्या कातडीत त्या पुरळाचे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. म्हणजे रंग उजळण्यासाठी घासलं आणि होता त्याहून गडद झाला.

लिंबाची गोष्ट आणखी गंभीर. बाळापूर तालुक्यातल्या वाडेगावचं लिंबू आपल्याकडे प्रसिद्ध. उन्हाळ्यात घरोघरी ते असतंच. कापलेली फोड हाता-मानेवर चोळायची, पाच मिनिटांनी धुवायची आणि बाजारात जायचं, हा टॅनवरचा लाडका उपाय. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकौमरिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन पडलं की तिथली पेशी जळते. ही ॲलर्जी नाही, म्हणून "मला आजवर कधी झालं नाही" या म्हणण्याला अर्थ नाही. रस आणि ऊन दोन्ही पुरेसं असलं तर कुणालाही होऊ शकतं. एक-दोन दिवसांनी आग, लाली, कधी पाण्यानं भरलेले फोड, आणि नंतर तपकिरी-काळे डाग. या डागांचा आकार बघण्यासारखा असतो: रस ओघळला तशी रेघ, बोटं टेकली तसे ठिपके. गोव्यात समुद्रावर बसून सरबतासाठी लिंबं पिळली आणि दोन दिवसांनी मनगटावर रेघा उमटल्या, तर त्या जेलीफिशच्या असतीलच असं नाही.

टॅनच्या बरोबरीनं आणखी एक घाबरवणारी गोष्ट दिसते. उन्हातून आल्यावर पाठीवर, छातीवर, दंडावर फिकट ठिपके उठून दिसायला लागतात, घाम आला की जरा चुणचुणतात. घरात कुजबुज सुरू होते: कॅल्शियम कमी झालं, कोड तर नाही, की आणखी काही? बहुतेकदा ती शिबं असतात. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर राहणारी एक बुरशी घामात वाढते आणि तेवढ्या जागेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही. ठिपके आधीपासूनच होते. भोवतालची कातडी काळवंडली म्हणून आता दिसले. 'आणखी काही' म्हणताना लोकांना कुष्ठरोग म्हणायचं असतं. ज्या अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारलं, त्याच मुलखात अजूनही हा शब्द उच्चारला जात नाही. कुष्ठाचा चट्टा सहसा खाजत नाही. तिथली संवेदनाच कमी झालेली असते. तरीही बधिर चट्टा कुणाला दिसला तर लाजायचं कारण नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि त्यानं रोग पूर्ण बरा होतो.

"पानी बदललं."

वऱ्हाडात हा समज रुजायला कारण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांतून जातो. तिथल्या विहिरींच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, अंग कोरडं पडतं. अकोला शहर काटेपूर्णेचं, महानच्या धरणातलं पाणी पितं. पण सुट्टीत गावी गेलेल्या पोरांच्या अंगाला फरक जाणवतो, हे खरं.

मात्र जड पाणी एका रात्रीत पुरळ उठवत नाही. ते साबण अंगावर चिकटवून ठेवतं, कातडी सुकवतं, आणि ज्याला आधीच एक्झिमा आहे त्याची खाज वाढू शकते. जड पाण्याच्या भागात मुलांचा एक्झिमा जास्त दिसतो, हे पाहून इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर एक चाचणी झाली आणि २०११ साली तिचा निकाल आला. काही घरांत पाणी मऊ करणारी यंत्रं बसवली, काहींत नाही. मुलांच्या एक्झिमात फरक पडला नाही. तेव्हा प्रवासाला जाताना वीस लिटरचे कॅन लादून नेण्यापेक्षा साबण कमी लावावा आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावावं. वऱ्हाडी उन्हाळ्यात भर दुपारी तेल थापू नये, एवढंच. घामाच्या दिवसांत त्याचा उलटा त्रास होतो.

पाण्यातले जीव हा वेगळा मामला. समुद्रात जेलीफिशची सूक्ष्म पिल्लं पोहण्याच्या कपड्याखाली अडकतात आणि नेमकं कपड्याखालीच पुरळ उठतं. गोड्या पाण्याच्या डबक्यात उलटं: गुरांच्या आणि पक्ष्यांच्या कृमींची पिल्लं उघड्या पायात शिरू पाहतात आणि तिथेच मरतात, म्हणून पाण्यात बुडालेल्या उघड्या भागाला खाज. यांच्याच कुळातल्या, माणसाला खरोखर आजारी पाडणाऱ्या कृमीचं भारतातलं गाजलेलं ठिकाण कोकणातलं होतं: रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी. ते १९५२ साली उजेडात आलं. हे वाचून कोकणची सहल रद्द करायची गरज नाही.

"खाज सुटली म्हंजे ऊनच."

इथे आपण आपल्या अंगणात येतो. रस्त्याच्या कडेला, रेल्वे रुळांलगत, उमरीकडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये, पांढऱ्या बारीक फुलांचं जे झुडूप पावसाळ्यानंतर कमरेइतकं वाढतं, ते गाजरगवत. मूळ अमेरिकेतलं. आयात गव्हाबरोबर आलं असं मानलं जातं. काँग्रेस गवत हे त्याचं टोपणनाव. भारतात त्याच्या पसरण्याची पहिली ठळक नोंद आपल्याच राज्यातली, पुण्याची, १९५६ मधली. आणि त्यानं होणाऱ्या त्वचारोगाकडे वैद्यकाचं लक्ष वेधलं तेही पुण्यातल्याच डॉक्टरांनी, साठच्या दशकाच्या अखेरीस. शेतकरी, रोपवाटिकेतले मजूर, मैदानावर पहाटे फिरणारे म्हातारे, कुणालाही तो होतो. एक झाड हजारो बिया टाकतं. त्याची पानं खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ साली बंगळूरला सोडला गेला. तो अजून खातोच आहे, गवतही अजून आहेच. दर वर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजरगवत निर्मूलन सप्ताह होतो, त्यात कृषी विद्यापीठांपासून ग्रामपंचायतींपर्यंत सगळे ते उपटताना दिसतात. काहींनी हातमोजे घातलेले नसतात, हे पाहून वाईट वाटतं.

या गवताच्या पानांवरच्या आणि वाळलेल्या चुऱ्यातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याची ॲलर्जी होते. ती पहिल्या भेटीत होत नाही. वर्षानुवर्षांच्या संपर्कानंतर एखाद्या साली सुरू होते आणि मग सहसा सोडत नाही. चुरा वाऱ्याबरोबर उडतो, म्हणून झाडाला हात लावलाच पाहिजे असं नाही.

आता मघाचा तिसरा प्रश्न, कुठे उठलं नाही हा, कामाला येतो. ऊन वरून पडतं. म्हणून उन्हाच्या पुरळात वरची पापणी, हनुवटीखालची सावली, कानामागची जागा आणि मानेच्या वळ्यांचा तळ कोरा राहतो. वारा कुठेही शिरतो. गाजरगवताचं पुरळ नेमकं याच जागी बसतं: पापण्या सुजतात, कानामागे चिरतं, मानेच्या आणि कोपराच्या वळणात जाड, खाजरी कातडी होते. रुग्ण म्हणतो, "उन्हात गेलो का वाढते," आणि सगळे ऊन धरून बसतात. त्याचंही अगदी चूक नसतं, कारण जुन्या रुग्णांत पुढे उन्हाचीही संवेदना येते आणि दोन्ही नकाशे एकमेकांत मिसळतात. अशा वेळी पाठीवर पट्ट्या चिकटवून केलेली पॅच टेस्ट उपयोगी पडते. अठ्ठेचाळीस तासांनी पट्टी काढतात आणि पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा एकदा बघतात.

प्रवास इथे आरोपी नसतो, साक्षीदार असतो. एखादे काका महिनाभर मुंबईला मुलाकडे राहतात, पुरळ जवळपास जातं. अकोल्यात परतून घरामागची जागा साफ केली की चौथ्या दिवशी पापण्या सुजतात. घरचे म्हणतात, प्रवासानं झालं. झालं ते घरी येण्यानं.

वनस्पतींचा विषय निघालाच आहे तर मेळघाटाचं सांगायला हवं. खाजकुहिलीच्या शेंगांची लव लागली तर खाज लगेच, मिनिटांत. बिब्ब्याचं तसं नाही. त्याचा रस लागल्यावर एक-दोन दिवसांनी फोड येतात, तोवर माणूस घरी परतलेला असतो आणि बिब्बा विसरलेला असतो. आंबा आणि काजू त्याच कुळातले. आंब्याच्या चिकानं ओठांभोवती उठतं ते याच नात्यानं. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना अंगावर ठरावीक जागी न सुटणारी खाज सुटायची. १९४३ साली त्यांच्या डॉक्टरांनी छडा लावला: धोबी कपड्यांवर बिब्ब्याच्या रसानं खूण करत होते, आणि ती खूण जिथे टेकेल तिथे पुरळ उठत होतं. हवा, पाणी, घाम यांवर संशय घेऊन हे सुटलं नसतं. मानेवर चट्टा आणि कॉलरवर खूण, हे जुळलं तेव्हा सुटलं.

"घामोळ्या म्हंजे अस्वच्छता."

नाही. घामाच्या नळ्यांची तोंडं बुजली की घाम कातडीतच झिरपतो आणि काट्यासारखं टोचतं. उन्हाचं पुरळ उघड्या अंगावर येतं, घामोळ्या झाकलेल्या अंगावर: पाठ, कंबरपट्टा, स्कार्फच्या गाठीखालची मान. पावडरीचा थर घामात भिजून पुन्हा तीच तोंडं बुजवतो. थंड पाण्याची अंघोळ, सैल सुती कपडा आणि कूलरसमोरची दोन-तीन तासांची झोप हाच खरा इलाज, आणि तो अकोल्यात मे महिन्यात कुणाला सांगावा लागत नाही.

"ट्रॅव्हल्समधल्या गादीवरून खरूज आली."

घड्याळ बघा. आयुष्यात पहिल्यांदा खरूज झालेल्या माणसाला खाज सुटायला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात, कारण खाज किड्याच्या चावण्याची नसते, शरीरानं त्याच्याविरुद्ध उठवलेल्या प्रतिक्रियेची असते. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं सकाळी उतरलात आणि त्याच दिवशी खाजवत असाल, तर ती खरूज या प्रवासातली नव्हे. ढेकूण असू शकतात: उघड्या हातापायांवर, एका ओळीत तीन-चार गांधी. खरूज मात्र रात्री छळते, बोटांच्या बेचक्यात, मनगटाच्या आत, बेंबीभोवती, आणि घरातल्या दुसऱ्यालाही छळते.

त्यामुळेच "ज्याला खाज त्यालाच मलम" हा हिशेब चुकतो. लहान मूल शांत झोपलेलं असेल, पण त्याच्याकडे ती चार आठवड्यांनी जागी होणार असते. डॉक्टरनं दिलेलं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून तळव्यांपर्यंत लावायचं आणि आठवडा-पंधरवड्यानं पुन्हा. चादरी-कपडे गरम पाण्यात धुवायचे, धुता येत नाहीत ते पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवायचे. किडे मेल्यावरही खाज दोन-तीन आठवडे रेंगाळते. तेवढ्यात धीर सोडून लोक मलम रोज चोळतात आणि त्यानंच नवं पुरळ उठवून घेतात.

"आंगावर पित्त उठलं, ॲसिडिटीची गोळी दे."

गांधी उठतात त्या पोटातल्या आम्लानं नव्हे, कातडीतल्या पेशींनी सोडलेल्या हिस्टामिननं. ओळखायची खूण वेळेची: एक गांध चोवीस तासांच्या आत जागा सोडते, दुसरीकडे दुसरी उठते. पेनानं तिच्याभोवती गोल काढून ठेवा, उद्या कळेल. काहींना उन्हात गेल्यावर मिनिटांतच उठते आणि सावलीत आल्यावर तासा-दोन तासांत जाते. आमसुलाचं पाणी लावायला माझी हरकत नाही, गार वाटतं. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास जड झाला तर मात्र आमसूल शोधत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

"मेडिकलवाल्याची ट्यूब सगळ्यावर चालते."

चालते, कारण तिच्यात सगळंच असतं: बुरशीनाशक, जंतुनाशक आणि बहुधा क्लोबेटासॉलसारखं जहाल स्टिरॉइड. खाज कोणतीही असो, स्टिरॉइड ती दोन दिवसांत दाबतं. उन्हाचं पुरळ असेल तर माणूस बराही होतो आणि ट्यूबची कीर्ती वाढते. नायटा असेल तर तिच्या आडून बुरशी पसरत राहते.

प्रवासात नायट्याला पोषक सगळंच जमून येतं: घामेजलेली जीन्स, न वाळलेला टॉवेल, दहा तासांचं बसणं. जांघेत किंवा कमरेला वाढत जाणारं कडं, कडेला उंच, मधे स्वच्छ. हे कडंच त्याची ओळख. स्टिरॉइडनं आधी पुसलं जातं ते हेच. मग रुग्ण डॉक्टरकडे जातो तेव्हा समोर असतो एक आकार नसलेला तपकिरी चट्टा, आणि केव्हा-कुठे-कसं या प्रश्नांची उत्तरं मलमाखाली गेलेली असतात. ट्यूब महिनोन्‌महिने चालली तर जांघेत पांढऱ्या फाटल्यासारख्या रेघा पडतात, त्या जन्माच्या.

ही केवळ जठारपेठेची गोष्ट नाही. देशभरात नेहमीच्या औषधांना न जुमानणारा नायटा वाढला. त्यामागच्या बुरशीला २०२० साली जपानी संशोधकांनी वेगळं नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नमुने होते भारतीय आणि नेपाळी रुग्णांचे. २०२३ मध्ये तिचे अमेरिकेतले पहिले रुग्ण न्यूयॉर्कमधून नोंदले गेले. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना या मलमांविरुद्ध बरीच वर्षं मोहीम चालवते आहे, आणि २०१८ साली केंद्र सरकारनं चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली. तरी परदेशातून सुट्टीला आलेली मंडळी परत जाताना बॅगेत पापड-मसाल्याबरोबर या ट्यूबा नेतात, "तिकडे मिळत नाही" म्हणून. तिकडे का मिळत नाही, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

स्टिरॉइड वाईट नाही, हेही सांगायला हवं. गाजरगवताच्या किंवा उन्हाच्या पुरळावर डॉक्टर तेच देतो, किती दिवस आणि कोणत्या जागी हे ठरवून. चेहऱ्यावर आणि जांघेत ते कमी जोराचं लागतं, तळव्यावर जास्त. काउंटरवर हे कुणी ठरवत नाही.

"खाजच तं हाय."

बहुतेक वेळा खाजच असते. पण पुरळाबरोबर ताप आला की मघाचे सगळे हिशेब बाजूला ठेवायचे. डेंग्यूचा ताप उतरताना अंग लालसर होतं, मधे मधे पांढरी बेटं दिसतात आणि तळहात-तळपाय भयंकर खाजतात. "ताप गेला, आता ॲलर्जी झाली" असं समजून लोक रक्त तपासायचं थांबवतात, आणि प्लेटलेट बघायच्या असतात नेमक्या तेव्हाच. गवतात बसून आल्यावर आठवडा-दीड आठवड्यानं ताप आणि कुठेतरी न दुखणारी काळी खपली असेल तर स्क्रब टायफस आठवावा. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भानं त्याची साथ पाहिली आहे. तो वेळेवर ओळखला तर साध्या डॉक्सिसायक्लिननं बरा होतो. ही खपली काखेत, जांघेत, पट्ट्याखाली लपते, म्हणून ती शोधावी लागते. आणि नवी गोळी सुरू केल्यानंतर तोंडात, डोळ्यांत, लघवीच्या जागी फोड आले तर ती रात्र घरी काढू नये.

बाकी पुरळासाठी घाई नाही. आज उठलं तर आज, स्वच्छ उजेडात फोनवर फोटो काढून ठेवावा, कोऱ्या राहिलेल्या जागांसकट. डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत ते निम्मं मावळलेलं असतं. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे जा किंवा खासगी दवाखान्यात, चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्यावीत, आणि लावलेली ट्यूबही न्यावी, पिळून रिकामी झालेली असली तरी.